कोपराचे मार्क

९ डिसेंबर
कोपर – ७.
फिजिओ मॅडमने ही वही करायला लावली. रोज दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. काय केल्यावर दुखलं ते खाली लिहायचं, व्यायाम केला तर बरोबरची खूण, आणि पंधरा दिवसांनी वही दाखवायची. ते सगळं पुढच्या पानांवर; हे मागच्या पानांवर, मॅडमला दाखवायचं नाही. पोरगी असेल सत्तावीसची. म्हणते, "काकू, ऑपरेशनचं काही काम नाही. हाताचा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो ना, तिथली दोरी आठ महिने ओढून ओढून थकलीय. तिला हळूहळू परत कामाला लावायचं. तीन महिने लागतील, जास्तही. कंटाळायचं नाही."
व्यायाम: हात टेबलावर, पंजा टेबलाच्या बाहेर, तळवा खाली. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरायची. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचलून द्यायचा, मग उजव्याने एकट्याने सावकाश खाली सोडायचा. मनात पाच म्हणेपर्यंत. पंधरा वेळा, असं तीनदा. कोपराखाली पट्टा. कपडे पिळणे बंद. लशीचा डबा डाव्या हातात.
बुलडाण्याहून परतताना राजूरच्या घाटात बसमध्ये मनात आलं, बावीस वर्षं सिस्टर म्हणून मी गावोगाव हेच सांगत फिरते, कंटाळायचं नाही. आज मला कुणीतरी सांगितलं. राग आला, खरं सांगायचं तर.

११ डिसेंबर
को. ७. व्यायाम एकदाच.
कपडे ह्यांनी पिळले. तहसीलमधले मोठे बाबू! म्हणाले, "पिळून देतो, पण दोरीवर तूच टाक. समोरचे पाहून राह्यले." टाकले. त्यानेही दुखलं.

१५ डिसेंबर
को. ७. बीपीचा फुगा दाबताना ८. व्यायाम नाही.
गावात यास्मिनकडे गेले होते, बाळंतिणीच्या भेटीला. मुलगी दोन महिन्यांची, झोया. वजन छान. चहा दिला तर कप हातातून सुटला आणि सगळा चहा नव्या चादरीवर. यास्मिनची सासू सकिनाखाला म्हणाली, "राहू द्या सिस्टर, धुऊन टाकू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
यास्मिनने डावं मनगट दाखवलं. अंगठ्याखाली दुखतं, बाळाला उचललं की जास्त. मी म्हटलं, आराम दे, उचलणं कमी कर. ती हसली. बावीस वर्षांची पोर, घरात सात माणसं. मला घाई होती, पुढची घरं राहिली होती.

२२ डिसेंबर
को. ७.
उद्या फिजिओ. वही उघडली तर सात दिवस कोरे. आज दुपारी बसून सगळे भरले. ७, ६, ६, ७, ५, असे उतरते, मध्ये एक चढता, म्हणजे खरं वाटतं. व्यायामापुढे बरोबरच्या खुणा. दोन वेगवेगळ्या पेननी. हे मला कुणी शिकवावं लागत नाही. महिनाअखेरीला रजिस्टरं अशीच भरताना पाहत आले आहे आणि भरतही आले आहे.

२३ डिसेंबर
मॅडम खूश. "काकू, तुमच्यासारखे पेशंट असावेत." बाटली अर्ध्या लिटरवरून एक लिटरची करा म्हणाली.
इंजेक्शनचं विचारलं. ती म्हणाली, घेतलं तर थोडे दिवस छान वाटेल, पण पुढे पुष्कळांचं जास्त दुखतं. आपण व्यायामानेच जाऊ, तुमचं होतंच आहे ना.
होतंच आहे.

२ जानेवारी
को. ८. एक लिटरची बाटली दोनदा उचलली आणि ठेवून दिली. ब्लाऊजचं मागचं हूक ह्यांना लावायला सांगते. ते लावतात, काही बोलत नाहीत. त्यापेक्षा बोलले तर बरं.

४ जानेवारी
को. ८.
उपकेंद्रात बायकांची सभा. चित्रांचा तक्ता लावून बोलले. विषय बिब्बा. दरवर्षीचं ठरलेलं भाषण: "बिब्बा म्हणजे अ‍ॅसिड समजा. कातडी जळते, फोड येतात, फोडात पू होतो. दुखतंय तर दवाखान्यात या." गोदामाय पहिल्या रांगेत. पंचाहत्तरीची आहे. गावातली निम्मी लेकरं तिने न्हाऊ घातलेली, आणि अख्ख्या गावाचे गुडघे, टाचा तिच्याच बिब्ब्याचे. ती म्हणाली, "सिस्टरबाई, आमचे गुडघे त्याच्यावरच उभे हायेत." सगळ्या हसल्या. मी फाडकन बोलले, "माय, तुमच्यामुळेच लोक दवाखान्यात येत नाहीत." हसू थांबलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

९ जानेवारी
को. ८.
गेले. दुपारी अडीचला. ती वेळ मुद्दाम, तेव्हा गाव कापूस वेचायला गेलेलं असतं. स्कूटी उपकेंद्रातच ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या बोळातून गेले, चोरासारखी. गोदामाय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हटलं, "माय, कोपर."
"पाच दिसाआंधी तं अ‍ॅसिड म्हणत होत्या."
"नऊ महिने झाले, माय."
तिने बाही वर केली आणि अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला. फिजिओने ठेवला होता तिथेच. मी ओरडलेच. कोपऱ्यातल्या सुपात बिब्बे होते, त्यातला एक घेतला, सुईला टोचला, दिव्यावर धरला. तेल सुटलं तसे चार ठिपके दिले. काळे, गरम. म्हणाली, "भिजवू नका. खोबरं खा. उतला तं मले शिव्या देऊ नका, कोनाकोनाले उतते." निघताना मी हात धरला, कुणाला सांगू नको माय. ती म्हणाली, "मी काऊन सांगू? माह्यं तोंड म्हंजे तुमचं रजिस्टर हाये का?"

१० जानेवारी
को. ४!
आगआग होते, पण आतलं दुखणं गायब. हूक मी लावला. स्वयंपाक करताना गुणगुणत होते असं हे म्हणाले.

१२ जानेवारी
को. ४. खाज.

१३ जानेवारी
उतला. कोपरापासून अर्ध्या हातापर्यंत फोड, पाण्याने भरलेले. हे विचारत होते, चहा सांडला म्हटलं. खोबरेल लावते. दवाखान्यात कुणाला दाखवणार? माझ्याच टेबलावर माझाच तक्ता लावलेला आहे, त्यातल्या चित्रात अगदी असाच हात.
फिजिओला फोन केला, पाहुणे आलेत, येत नाही.

१६ जानेवारी
पी.एच.सी.त साहेबांनी पट्टी पाहिली. साहेब म्हणजे आमचे मेडिकल ऑफिसर, तिशीचे, भले आहेत. "सिस्टर, भाजलं? एवढं? अहो सांगायचं ना." स्वतः मलम काढून दिलं. मी थँक्यू म्हटलं. थंडी आहे म्हणून बरं, लांब बाहीच्या स्वेटरकडे कुणी पाहत नाही.
को. खाली दुखतंच आहे. ६.

२४ जानेवारी
सकिनाखाला झोयाला घेऊन उपकेंद्रात आली, मागे यास्मिन रडत. बाळाच्या उजव्या गालावर लाल पट्टा, त्यावर बारीक फोड. डोळा थोडक्यात वाचला. मला विचारायचीही गरज पडली नाही. यास्मिनच्या डाव्या मनगटावर काळे ठिपके, भोवती सूज. तेल ओलं असतानाच बाळाला घेतलं, बाळाचा गाल तिथे टेकला.
साहेबांना फोन केला, ते लगेच आले. बाळाला औषध दिलं, तालुक्याला दाखवायला चिठ्ठी दिली. मग विचारलं, "बिब्बा कुणाचा?" खाला म्हणाली, "गोदामायच्या घरचा, साहेब." यास्मिन नुसतीच रडत होती.
"सिस्टर, रिपोर्ट लिहा."
लिहिला. "गावातील वृद्ध महिला गोदाबाई हिने बिब्बा लावल्यामुळे…" माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. लिहिताना स्वेटरच्या आत खाज सुटली होती.

२५ जानेवारी
साहेबांनी गोदामायला उपकेंद्रात बोलावलं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई होत्या, लसीसाठी आलेल्या बायका होत्या. साहेब ओरडले नाहीत, पण सगळ्यांसमोर बोलले. "लेकराचा डोळा गेला असता. पुन्हा कुणाला बिब्बा लावलात तर पोलिसांत कळवावं लागेल. आणि बाळंतिणींना, बाळांना हात लावायचा नाही." ती एकदाच म्हणाली, "म्या नाई लावला." साहेब म्हणाले, "बिब्बा तुमच्याच घरचा ना?" ती म्हणाली, "हाव."
मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाहीकडे. मी साहेबांसाठी पाणी ओतत होते, ग्लास भरून वाहायला लागला. ती पायात चपला घालून निघून गेली. एका शब्दाने मला उघडं पाडता आलं असतं तिला. मला वाटत होतं, पाडावं.

२ फेब्रुवारी
यास्मिनकडे, तिच्या मनगटाच्या ड्रेसिंगला. झोयाचा गाल सुकतोय, डाग राहील कदाचित. खाला दुकानात गेली होती.
यास्मिन म्हणाली, "सिस्टर, माय नाई म्हनली होती. लेकुरवाळीले मी बिब्बा लावत नाई, लेकराले लागते म्हने. तिची नजर चुकवून सुपातला एक उचलून आनला म्या. घरीच सुई गरम केली."
"असं काऊन केलं तू?" मी तिच्याच भाषेत ओरडले.
"तुमाले पाह्यलं ना गच्चीवरून. तिच्या ओसरीत, बाही वर करून. मले वाटलं, सिस्टर लावून राह्यल्या म्हंजे चांगलंच असन."
"मग साहेबांसमोर बोलली का नाही?"
"सासू मारती मले. आन् तुमी बी तं नाई बोल्ल्या."
पट्टी बांधून झाली होती, तरी मी बांधतच बसले.

३ फेब्रुवारी
बुलडाण्याला गेले. वही मॅडमच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. दोन पेनांचंही. हात दाखवला. रागावेल म्हणून तयारीने गेले होते. ती पुढची पानं उलटत राहिली. म्हणाली, "काकू, तुमच्या मार्कांवर मी वजन वाढवलं होतं. त्यानेच जास्त दुखलं असणार." मग म्हणाली, "यापुढे नाही केलं तर पान कोरं ठेवा. मला कोरं पान चालतं."
जखम भरेपर्यंत पट्टा नाही. व्यायाम पाव लिटरपासून पुन्हा. बाळाचं तिला सांगितलं नाही. सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. खोडत नाही.

९ फेब्रुवारी
को. ६. व्यायाम तीनदा. खरोखर.

१० फेब्रुवारी
को. ६. व्यायाम नाही.

१४ फेब्रुवारी
को. ५. व्यायाम दोनदा.
गोदामायच्या शेजारच्या गल्लीत परवा बाळंतपण झालं. न्हाऊ घालायला दुसऱ्या गावाहून बाई आणली. आशाताईंनी सांगितलं, अभिमानाने, तुमचं ऐकलं सिस्टर लोकांनी. परतताना गोदामायच्या घरावरून आले. ती ओसरीत बसली होती, हात मांडीवर, समोर काहीच काम नाही. तिला असं मी कधी पाहिलेलं नाही. स्कूटी हळू केली. थांबवली नाही.

१७ फेब्रुवारी
को. ५. तीनदा.
ह्यांना सांगितलं. आधी हसले, म्हणाले, "तू? बिब्बा?" मग मी बाळाचं आणि रिपोर्टचं सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. "आता गप बस. नोकरीचे आठ वर्षं राह्यले. मेमो येईन. त्या म्हातारीले काय फरक पडते?" मी म्हटलं, पडतो. म्हणाले, "मंग तुले लय उशिरा समजलं." खरं बोलतात कधीकधी. कपडे पिळून गेले.

२० फेब्रुवारी
को. ५.
बायकांची सभा. ऊन तापायला लागलंय, तरी स्वेटर घालून गेले होते. तक्ता लावला, बिब्ब्याचं चित्र आलं. स्वेटर काढला. बाही वर केली. चार काळे डाग आणि भोवतीची गुलाबी कातडी. म्हटलं, "हा बिब्बा आहे. मी लावून घेतला. जानेवारीत. तुम्हाला अ‍ॅसिड म्हणून सांगितल्यावर पाच दिवसांनी. यास्मिनने माझं पाहून लावला. गोदामायने तिला नाही म्हटलं होतं."
कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर निभावलं असतं. यास्मिन खाली पाहत होती. सकिनाखालाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग त्या दिवशी डॉक्टरले बोलू काऊन देल्लं तुमी?"
सभा लवकर संपली. चहा कुणी घेतला नाही.
यास्मिनला घरी काय झालं असेल? जाऊन विचारायची हिंमत आज नव्हती.

२१ फेब्रुवारी
यास्मिनकडे गेले. खालाने मारलं नाही. बोलत नाही तिच्याशी, पण झोयाला दिवसभर स्वतः घेते, यास्मिनला उचलू देत नाही. मनगटाला आराम मिळतोय. मी डिसेंबरात सांगितलं होतं ते आता होतंय, माझ्या सांगण्याने नाही.

२४ फेब्रुवारी
को. ४. तीनदा.
गोदामायकडे. या वेळी पुढच्या रस्त्याने, भर सकाळी. गोडंबीचे लाडू करून नेले होते. तिने डबा बाजूला ठेवला, उघडला नाही. म्हटलं, माय, सभेत सगळं सांगितलं मी.
"आयकलं."
"चुकले मी."
"बायकाईले सांगतलं तुमी. बायका तुमाले काय करतीन? डॉक्टरले सांगतलं का?"
मी मानेनेच नाही म्हटलं.
"कागदावर माह्यं नाव कोनं लिवलं?"
"मी."
"मंग तिथून काढा ना. मले काऊन लाडू देऊन राह्यल्या?"
मग कोपर ओढून घेतलं, अंगठा त्याच जागेवर. मी दचकले, पण ओरडले नाही. "कमी हाये," ती म्हणाली, "काय करता?" बाटलीचं सांगितलं. तिने पाणी प्यायचा तांब्या हातात घेऊन तसंच करून पाहिलं, हळू खाली, मग ठेवून दिला. "याच्यात काय जादू हाये?" काही नाही म्हटलं, रोज करायचं. ती म्हणाली, "तेच तं कोनी करत नाई."
डबा परत दिला तिने. भरलेला.

१ मार्च
को. ४.
सुधारित रिपोर्ट लिहिला. चार वेळा. पहिल्यात "गैरसमजातून" लिहिलं होतं, खोडलं. दुसऱ्यात स्वतःला "संबंधित आरोग्य सेविका" लिहिलं, तेही खोडलं. आता सरळ नाव आहे. गोदाबाईंनी नकार दिला होता हे पहिल्या ओळीत. माझी बाही दुसऱ्या ओळीत. मी गप्प राहिले हे तिसऱ्या. ह्यांनी वाचला, एक चूक काढली, ऱ्हस्व-दीर्घाची, आणि आत निघून गेले.

४ मार्च
को. ४. तीनदा.
उद्या पी.एच.सी.ला मासिक बैठक. साहेब असतील, तालुक्याचेही कुणी असतील. गोदामायला निरोप पाठवला, उद्या मी कागद देणार आहे, येशील का. तिने आशाताईंना विचारलं म्हणे, "डॉक्टर असन का?" असेल. "मंग पाह्यतो."
मेमो येईल. बदली होईल कदाचित. त्याचं तेवढं नाही. साहेब ज्या हाताने मलम काढून देत होते तो हात डोळ्यांपुढे येतो. ते काय म्हणतील ते नको, कसे पाहतील ते नको.

५ मार्च
को. – सकाळी ३. बाटली तीनदा.
पी.एच.सी.च्या व्हरांड्यात बसून लिहितेय. बैठक अर्ध्या तासाने. पर्समध्ये कागद आहे हे तीनदा पाहिलं. साहेब आत्ताच आत गेले, "काय सिस्टर, हात बरा का?" म्हणाले. हो म्हटलं. तिथेच सांगता आलं असतं.
गोदामाय आली आहे. एकटी, एस.टी.ने. धुतलेलं नऊवार, हातात पिशवी. माझ्या शेजारी बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आता माझ्या लांब बाहीकडे बघून म्हणाली, "आतापासूनच वर करून बसा. आत गेल्यावर जमनार नाई तुमाले."
केली. आतून नावं पुकारायला लागलेत.